चढावर खाली

"बाई, ते थांबव. मले सोसून नाही राहिलं."

त्यांचं माझ्याशी पहिलं बोलणं हे. मी लग्न होऊन भंडाऱ्याकडून भिलाईला आलेली, अंगाची हळद अजून उतरायची होती. टिनाच्या खोलीत भरदुपारी जात्यावर चण्याची डाळ दळत होते. वर पाहिलं तर दारात एक उंच, वाळका म्हातारा. तेलानं काळी झालेली बंडी, गुडघ्यापर्यंत धोतर, पाय अनवाणी आणि खिशातून डोकावणारा रंगाचा ब्रश. दळताना मी गुणगुणत होते, तेच याला सोसत नसणार, असं मला वाटलं. पदर सावरून म्हटलं, "गाणं बंद करते, काकाजी."

"गानं चालू दे. जातं थांबव. त्याची मधली खीळ झिजली. वरची तळी डोलून राहिली."

आणि मग विचारणं नाही, पुसणं नाही, सरळ आत येऊन बसले. तळी उचलली, खिशातून टिनाची बारीक पट्टी काढून खिळीला गुंडाळली, तळी परत बसवली. "हं. दळ आता." मी खुंटा धरला. ते जातं माझ्या आईच्या घरचं. लहानपणापासून ते घर्र-खट, घर्र-खट असंच बोलायचं, मला वाटायचं सगळी जाती अशीच बोलतात. त्या दिवशी त्यातला खट गेला तो गेलाच.

त्यांची खोली तर आमच्या रांगेच्या पार टोकाला. मी विचारलं, "तुमाले तिथून ऐकू आलं?"

"ऐकू कुठं येते मले? डावा कान गेला, उजवा जायच्या बेतात. जमिनीतून आलं."

ते भुईवर निजायचे, उशी न घेता, डोकं जमिनीला टेकवून. त्या दुपारी माझ्या जात्यानं त्यांना उठवलं होतं. आता सांगा, अशा माणसाला काय म्हणायचं? मी चहा टाकला. तेव्हापासून ते आमच्याच घरी जेवायला लागले.

त्यांचं नाव कोणी घेत नसे. ठेकेदाराचे लोक मिस्त्री म्हणत, ड्रायव्हर उस्ताद म्हणत, मी काकाजी. ते मूळचे हिंगणघाटकडचे. लढाईच्या काळात मिलिट्रीच्या वर्कशॉपात होते, कान तिथंच गेला. बायको-पोरांबद्दल कोणी विचारलं की म्हणायचे, "गाड्या हायेत ना." आमचे हे त्याच ठेकेदाराकडे ट्रक चालवायचे. तेव्हा भिलाईत आजच्यासारखे सेक्टर, झाडांचे रस्ते, शाळा असं काही दिसत नव्हतं. जिकडे पाहावं तिकडे लाल मुरूम खणलेला, दूरवर कारखान्याचे लोखंडी सांगाडे वर चढताहेत, आणि मधे आमच्या टिनाच्या खोल्यांच्या रांगा. दुपारी टिन इतकं तापायचं की त्यावर पापड भाजून घ्यावा. पण माणसं! बिहारची, पंजाबची, आंध्राची, आपल्या नागपूर-भंडाऱ्याची, आणि टोपल्या वाहणाऱ्या इथल्या छत्तीसगढी रेजा बाया. नळावर उभं राहिलं की कोण काय मागतंय ते हातवाऱ्यांवरून कळायचं.

आमच्या भिंतीला भिंत लागून आरावाले राहायचे. बिहारातल्या आऱ्याचे, म्हणून आरावाले. तेही ड्रायव्हर. त्यांची बायको माझ्याच वयाची, मी तिला भाभी म्हणायचे, ती मला दीदी. पहिल्याच आठवड्यात ती माझ्या दारात आली आणि म्हणाली, "दीदी, हमारा मटका खाली है."

मी म्हटलं, "मग वर ठेवा ना, भाभी."

तिला रिकाम्या मटक्यात पाणी हवं होतं, आणि मला वाटलं तिचा मटका भुईवर ठेवलाय. कळलं तेव्हा दोघी इतक्या हसलो की पलीकडच्या खोलीतून ओरडा आला. पुढं कितीतरी दिवस ती नळावर मला पाहिलं की हांडा डोक्यावर उचलून विचारायची, "दीदी, अब खाली है कि ऊपर?"

हं, तर काकाजी.

गाडी बिघडली की दुसरे मिस्त्री आधी पान्हा काढायचे. काकाजी गाडीत जाऊन बसायचे. "पयले बस, मंग खोल," हा त्यांचा कायदा. बसायचं म्हणजे चालत्या गाडीत ड्रायव्हरच्या बाजूला, अनवाणी पाय खालच्या पत्र्यावर पसरून. कानानं भागत नव्हतं म्हणून लाकडी हातोड्याचा दांडा दातांत धरायचे आणि त्याचं दुसरं टोक गिअरच्या दांड्याला, नाहीतर इंजिनाला टेकवायचे. डोळे मिटलेले. बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा गाडी खायला बसलाय. पण मग दातांतला दांडा सोडून म्हणायचे, "मागच्या डाव्या चाकात बेरिंग गेली," आणि चाक उघडलं की बेरिंग गेलेली असायची. गिअरचं तेल बोटानं जिभेवर लावून थुंकायचे, "पानी शिरलं." माझं वरणही तसंच चाखायचे. चाखून डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "सांबार कमी." भाभीला कोथिंबिरीचं हे नाव मी शिकवलं तेव्हा तिचा जो गोंधळ झाला, तो सोडून देते.

आणि त्यांचं दुसरं वेड म्हणजे अक्षर. लिहायला-वाचायला ते चाळिशी उलटल्यावर शिकले, वर्कशॉपातल्या एका वऱ्हाडी शिपायाकडून. तेव्हापासून खिशात ब्रश आणि पांढऱ्या रंगाची डबी. अक्षर असं वळणदार, टपोरं, की मोत्यांची माळ ठेवल्यासारखं. दिसेल त्या वस्तूवर तिचं नाव लिहायचे. त्यांच्या शेडमध्ये ऐरणीवर 'ऐरण' लिहिलेलं, हातोड्यावर 'हातोडा', आणि भिंतीवर, खोटं नाही सांगत, 'भिंत'. माझ्या तेलाच्या डब्यावर 'तेल' आलं. जात्यावर 'हळू' आलं. एक दिवस भाभीच्या दारावर 'दार' लिहून गेले. तिला वाटलं आपल्या दारावर 'दारू' लिहिलंय, पुढचा उकार तेवढा राहून गेलाय. शेणाच्या हातानं तिनं ते पुसलं आणि त्यांच्या नावानं जो उद्धार केला! काकाजी मला म्हणाले, "लोकं नीट वाचत नाहीत, बाई. मी तरी काय करू?"

ठेकेदाराचे ट्रक लढाईतून उरलेले, मिलिट्रीच्या लिलावात घेतलेले. दिसायला राक्षस. पुढच्या-मागच्या सगळ्याच चाकांना जोर. त्या जोराची वाटणी करायला मोठ्या गिअरच्या मागं आणखी एक लोखंडी पेटी असते, तिला ट्रान्सफर केस म्हणतात. तिचा दांडा वेगळा. तो वर असला की गाडी साधी पळते. खाली दाबला की चाल मंद होते पण जोर वाढतो, भरल्या गाडीनं चढ चढायचा तो असा. बाई माणसाला हे कशाला माहीत, म्हणाल. त्या दांड्यानं दोन घरांची झोप उडवली म्हणून माहीत.

एक गाडी दोघांच्या हातात होती. पहाटेपासून आमचे हे, दुपारनंतर आरावाले. बाकीच्या ट्रकांत दांडा कुठं करायचा हे सांगणारी पितळी पट्टी असायची, या गाडीची कोणीतरी उपटून नेली होती. काकाजींना तेवढीच संधी. त्यांनी त्या जागी आपल्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं: 'चढावर खाली'. लिहून झाल्यावर लांब जाऊन, मान वाकडी करून बघत बसले होते, हे मी स्वतः पाहिलंय.

पावसाळा संपला आणि एक दिवस हे घरी येऊन म्हणाले, "ट्रान्सफर सुटून राहिली." मी म्हटलं, "कुठं? रायपूरले?" मला वाटलं बदलीच झाली. तेव्हा ह्यांनी समजावलं की दांडा वर ठेवून गाडी चालवत असताना तो आपोआप निसटून मधे येतो, इंजिन बोंबलतं आणि चाकांना काही पोचत नाही.

काकाजी बसले, मग त्यांनी पेटी उघडली. दांडा जागेवर धरून ठेवायला आत एक स्प्रिंग आणि गोळी असते. स्प्रिंग थकली होती. तिच्याखाली टिनाची चकती घातली, माझ्या जात्याला पट्टी लावली तशी. थोडे दिवस गाडी ठीक चालली, पुन्हा सुटायला लागली. परत उघडली तर आतल्या दातांचे कोपरे बोरासारखे गोल झालेले. मेलेल्या ट्रकातून चांगली दातेरी चाकं काढून बसवली. पुन्हा काही दिवसांनी तेच. उस्तादांच्या हातची गाडी परत येते, ही गोष्ट भिलाईत त्याआधी कोणी ऐकली नव्हती. काकाजी जेवताना बोलेनासे झाले. सांबार कमी की जास्त, तेही सांगेनात.

आणि मग ते झालं. मुरमानं भरलेली गाडी घेऊन हे रेल्वे सायडिंगच्या बाजूनं येत होते. थोडासाच उंचवटा, दांडा अजून वरच होता, आणि तो निसटला. गाडी मागं घरंगळायला लागली. मागं रेजा बायांची रांग, डोक्यावर टोपल्या. ब्रेक जुनाट, धरतो न धरतो. ह्यांनी स्टिअरिंग फिरवून गाडी मुरमाच्या ढिगात घातली. बाया किंचाळत बाजूला पळाल्या, कोणाला खरचटलंही नाही, पण हे घरी आले ते दारातच बसले. दिलेलं पाणीही तसंच बाजूला ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराच्या मुन्शीनं सगळ्यांसमोर सांगितलं, "मिस्त्री दोन दोन वेळा गाडी नीट करतो आणि ती पुन्हा बिघडते. म्हणजे दोघांतला एक जण तिची वाट लावतोय. मिस्त्री, कोण ते तुम्ही सांगा. तो जाईल, दुसरा राहील."

जाईल म्हणजे नोकरी जाईल, आणि ठेकेदाराची खोलीही. तेव्हा मला दिवस गेले होते. भाभीचं पोर रांगत होतं. त्या दिवसापासून आमच्या मधल्या टिनाच्या भिंतीतून आवाज यायचा बंद झाला. नळावर ती या बाजूला, मी त्या बाजूला. हांडा डोक्यावर उचलून कोणी काही विचारेना. लोक तर उघडच बोलायचे, "म्हातारा जेवतो कोणाच्या घरी? मग नाव कोणाचं घेणार?" भाभीनंही ते ऐकलं असणार. मी ऐकलं आणि खरं सांगते, मला धीर आला.

काकाजी पहिल्या दिवशी ह्यांच्या बाजूला बसले. पहाटेपासून पाळी संपेपर्यंत, दातांत दांडा धरून. संध्याकाळी ताट वाढताना मी विचारलंच, "काकाजी, यांचं काही चुकते का?"

"पोळी वाढ."

दुसऱ्या दिवशी ते आरावाल्यांच्या बाजूला बसले. संध्याकाळी जेवायलाच आले नाहीत. मी ताट झाकून ठेवलं. हे म्हणाले, "शेडसमोर गाडी उभी हाय, तिच्यात एकटे बसले हायेत. हाक मारली तर हात हलवला, जा म्हणून." मला वाटलं, झालं, सापडलं. सुटलो आपण. आणि लगेच पलीकडून भाभीचं पोर रडायला लागलं.

सकाळी नळावर आम्ही सगळ्या बाया होतो, नळ शेडला लागूनच. मुन्शी आला, ड्रायव्हर जमले, आमचे हे एका बाजूला, आरावाले दुसऱ्या बाजूला, मान खाली घालून. मुन्शी म्हणाला, "बोला मिस्त्री. कोण?"

काकाजींनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. आरावाल्यांना गाडीत चढवलं आणि म्हणाले, "भैया, ये पढ़ो. जोर से."

आरावाल्यांनी वाचलं, "चढावर खाली."

"मतलब बताओ."

"मतलब यही कि चढ़ाव पर गाड़ी खाली हो, तभी ये डंडा दबाना. भरी गाड़ी में इसको हाथ नहीं लगाना. हम तो कभी नहीं लगाए, उस्ताद. माँ कसम."

नळ तेवढा वाहत होता. मी भाभीकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे. तिच्या हातात रिकामा हांडा होता. काय झालं कोणास ठाऊक, तिच्या तोंडून फस्स करून हसू फुटलं आणि मग माझ्या. एवढ्या लोकांपुढे, नवऱ्यांच्या नोकऱ्या टांगलेल्या, आणि आम्ही दोघी पोट धरून हसतोय आणि रडतोय. मुन्शी ओरडला, "इन औरतों को क्या हुआ?"

काकाजींनी आमच्या ह्यांना बोलावलं. "आता तू सांग, काय लिवलं?"

"चढावर खाली. चढ आला का दांडा खाली दाबाचा."

"ऐकलं?" काकाजी मुन्शीकडे वळले. "हा भरल्या गाडीनं चढ आला का दांडा खाली घेते. तो भरल्या गाडीनं वरच ठेवते, सारा बोजा वरच्या दातांवर, मंग त्यांचे कोपरे गोल नाही होतील तर काय होईल? आन् रिकाम्या गाडीनं परत येताना इतकुसा चढ आला तरी दांडा दाबते. लिवलं तसं. आता माणूस पाह्यजे ना तुमाले? भेटला. लिवनारा मी हाय."

"पर गलती तो चलानेवाले की हुई न?" मुन्शी म्हणाला.

"नाही. त्यानं बरोबर वाचलं. मी त्याले इचारलं नाही, तुयाकडे खाली म्हंजे काय म्हणून. काढाचं तर मले काढा."

मुन्शी त्यांच्या जवळ गेला. मग हळूच म्हणाला, "उस्ताद, तुम चुप रहते तो किसको पता चलता?"

"गाडीले मालूम होतं," काकाजी म्हणाले आणि खिशातून घासलेटाचा बोळा काढून स्वतःचं टपोरं अक्षर पुसायला लागले. ज्या अक्षराकडे मान वाकडी करून बघत बसले होते तेच. घासून घासून पत्रा उघडा पाडला.

मुन्शीनं कोणालाच काढलं नाही. काकाजी गेले असते तर बाकीच्या गाड्यांचं काय करायचं, हे त्यालाही कळत होतं.

मी नंतर जेवताना विचारलं, "काकाजी, तुमाले कळलं कसं?" तर म्हणाले, "बाई, बेफिकीर माणूस रोज एकसारखा चुकत नाही. कधी चुकते, कधी चुकत नाही. हा मात्र नेमानं चुकून राहिला. दर चढाले आधी त्या अक्षराकडं पाहे, जसा कोणी देवाकडं पाहून घास उचलते. तवा समजलं, याले कोणीतरी शिकवलं हाय. मंग मी त्याले इचारलं, हे तुले कोणं सांगितलं? त्यानं बोट दाखवलं माझ्याच लिवण्याकडं." मग ताटात बघत म्हणाले, "सांबार जास्त झाला आज." तेव्हा माझ्या जिवात जीव आला. कान गेलेला माणूस गाडीतला आवाज दातांनी ऐकतो, याचं मला कौतुक होतंच. पण दुसऱ्याची चूक समोर दिसत असताना तिच्यामागं बसून ती कुठून आली ते ऐकणं, हे मी पुढं इतक्या वर्षांत कोणाला करताना पाहिलं नाही. मी स्वतःही नाही केलं.

पेटी पुन्हा उघडली, आतली चाकं पुन्हा बदलली. आणि त्या उघड्या पत्र्यावर काकाजींनी दोन चित्रं काढली. वरच्या बाजूला पळता घोडा. खालच्या बाजूला मान खाली घालून, खांदा लावून ओढणारा बैल. घोडा कुत्र्यासारखा झाला होता, पण बैल! त्याच्या मानेवरचं कातडंसुद्धा ताणलेलं दिसत होतं. ती गाडी पुन्हा सुटली नाही. ड्रायव्हर लोक मग दांडा म्हणेचनात. चढ आला की क्लिनर ओरडायचा, "बैल लगाओ!"

आरावाल्यांनाच एक दिवस वाईट वाटलं. म्हणाले, "उस्ताद, इतना सुंदर अक्षर था, हमरे कारण मिट गया. बैल के नीचे 'बैल' तो लिख दो."

काकाजींनी ब्रश काढला, रंगात बुडवला आणि मग थांबले. "तुमारे उधर बैल को क्या बोलते?"

"बैल."

आमच्या ह्यांना विचारलं. "बैल, काकाजी."

टोपली घेऊन जाणाऱ्या रेजेला थांबवून गाडीतलं चित्र दाखवलं. ती लाजून म्हणाली, "बइला."

"जवळच हाय," काकाजी म्हणाले. मग लोखंडी खांब बसवणाऱ्या आंध्राच्या मजुराला बोलावलं. त्यानं नीट न्याहाळून सांगितलं, "एद्दु."

काकाजींचा ब्रश हवेतच राहिला. रंगाचा एक थेंब ब्रशवरून त्यांच्या अनवाणी पायावर पडला. मग त्यांनी ब्रश धोतराला पुसला आणि खिशात ठेवला.

जिथं भिंतीवरसुद्धा 'भिंत' लिहिलेलं होतं, त्या सगळ्या आवारात तो एक बैल तेवढा शेवटपर्यंत बिननावाचा राहिला.